फ्रिजमधला दिवा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते आहे—का, ते मलाही नीट माहीत नाही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. तुर्भ्याला एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत मी आणि सुधीर, दोघं बरोबरीचे. विषय माझा होता: जिवाणू श्वास कसा घेतो. त्याला फुप्फुसं नसतात. त्याच्या आवरणात रुतलेली प्रथिनं इलेक्ट्रॉन एकमेकांकडे सोपवत जातात—तोच त्याचा श्वास. त्यातल्या एका प्रथिनात फ्लेविन नावाचं रंगद्रव्य असतं, हळदीच्या पाण्यासारखं पिवळं. ते प्रथिन आवरणातून सोडवायची पद्धत मी बसवली होती.

माझं लग्न ठरलं आणि सुधीर साहेबांकडे गेला. ही आता टिकते कशाची, म्हणाला. विषय त्याला मिळाला, मी त्याची मदतनीस झाले. वर सगळ्यांसमोर मला म्हणतो, "तू पोळ्या फुगव गं आता. जिवाणूंचा श्वास बघायला मी आहे!" सगळे हसले. मीही हसले—का हसले?

फ्लेविनला उजेड सोसत नाही. म्हणून प्रथिन फ्रिजमध्ये ठेवायचं. दार लागलं की चौकटीतलं बटण दाबलं जातं आणि आतला दिवा विझतो. विझतोच, असं आपण धरून चालतो. आत बसून कोण बघतंय?

मी बटणाच्या फटीत काडेपेटीतल्या काडीचा तुकडा खोचला. बटण दाबलंच जाईना. दार बंद, दिवा चालू. उघडणाऱ्याला तो लागलेलाच दिसणार—नेहमीसारखा.

सुधीरचं प्रथिन दर खेपेला फिकं पडायचं, निकामी व्हायचं. परदेशची शिष्यवृत्ती त्यावरच अडली होती. तो पुन्हा पुन्हा करत राहिला, वाळत गेला. एकदा म्हणाला, "तुझ्या हातून व्हायचं गं. माझं काय चुकतंय?"

"हात लागतो त्याला," मी म्हटलं.

शिष्यवृत्ती गेली. पाठोपाठ तोही नोकरी सोडून गेला. निघताना मला म्हणाला, "तो फ्रिज बदलून घे. आत ऊब वाटते." माझ्या भल्यासाठी सांगत होता!

त्याच संध्याकाळी मी काडी काढली. पुढच्या खेपेला प्रथिन पिवळंधमक उतरलं. विषय परत माझ्याकडे आला, त्यावरच मी डॉक्टरेट केली. सुधीर औषधांची बॅग घेऊन कोपरखैरण्याचे दवाखाने फिरायचा. मी एकदा त्याला पाहिलं. थांबले नाही.

तो पिवळा रंग बघून मला आनंद झाला होता. अजूनही घरचा फ्रिज उघडला की आतला दिवा दिसतो—आणि तसाच आनंद होतो.