चुलीशिवाय हवा तापवणारे वामनराव

वामनराव गेल्याचा फोन त्यांच्या मुलीनं केला, तेव्हा मी ‘अरेरे’ म्हणालो. मनात आलं ते वेगळंच होतं... सुटलो. पुढं शोकसभेत लोकांनी त्यांना प्रेमळ, मनमिळाऊ ठरवलं. बेंबळीच्या शाळेत मी त्यांच्याबरोबर चार वर्षं काढली आहेत. ते शिपायाला ‘बैल’ म्हणत, हेडमास्तरांना पाठीमागं ‘म्हातारा बैल’, आणि मी गणित शिकवायचो म्हणून मला तोंडावर ‘पाढेवाले’. मला तो माणूस आवडत नव्हता, आजही आवडत नाही. मेल्यावर कुणी गोड होत नसतं.

एका दुपारी त्यांना यायला उशीर झाला म्हणून विज्ञानाचा तास मी घेतला. सायकलचा पंप हवा भरताना गरम होतो तो आतल्या घासण्यानं, असं मी पोरांना सांगत होतो. वामनराव उन्हातून आले, दारात उभं राहून ऐकलं आणि पंपच घेऊन आत शिरले.

“पाढेवाले, तोंड उघडं ठेवून पन्नास वेळा मारा.”

मारला. पंप जेमतेम कोमट झाला. मग त्यांनी पंपाचं तोंड अंगठ्यानं दाबून धरलं आणि पुन्हा पन्नास मारायला लावले. या वेळी खालच्या टोकाला हात ठेववेना.

“घासणं तर दोन्ही बारीला तेवढंच की! मग ऊब आली कुठून? तुम्ही दाबायला जी ताकद लावली, ती हवेच्या पोटात गेली. चुलीशिवाय तापली ती. तुम्हीबी तापलात, कान बघा कसे लाल झालेत.”

वर्ग खदखदून हसला. ते बरोबर होते, याचाच राग जास्त.

विलीनीकरणाला तेव्हा दहा-बारा वर्षं झाली असतील. वामनराव निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले. अशा मास्तरांनी तपासणीला येणाऱ्या शिक्षण खात्याच्या साहेबांसमोर मराठीतून धडा घेऊन दाखवायचा. जमला नाही तर वरचे वर्ग काढून घेत आणि प्राथमिक शाळेवर पाठवत. वामनरावांनी महिनाभर मराठी शब्द घोकले. प्रयोग ठरला होता तो असा : जाड काचेच्या नळीत तळाला कापसाचा पुंजका ठेवायचा, वरून घट्ट बसणारा दट्ट्या एका झटक्यात खाली मारायचा. आतली हवा इतकी तापते की कापूस भपकन पेटतो. हात मंद पडला तर ऊब काचेतून निघून जाते. दट्ट्याचा चामडी वॉशर कोरडा असेल तर हवाच बाजूनं निसटते.

आमच्याकडच्या चैत्रात चामडं दोन दिवसांत खापरीसारखं होतं. साहित्याच्या कपाटाची किल्ली माझ्याकडं असे. “आदल्या दिवशी करडईचं तेल घाला. एवढं तरी जमेल न्हवं?” असं त्यांनी बजावलं होतं.

मी विसरलो नाही. मी तेल घातलं नाही.

साहेबांसमोर वामनराव सुरेख बोलले, एक शब्द अडला नाही. मग दट्ट्या मारला. कापूस पांढराच. पुन्हा मारला, तिसऱ्यांदा मारला... साहेब घड्याळ बघू लागले. वामनराव माझ्याकडं वळले.

“तेल घातलं होतं ना?”

“कालच घातलं, सर.”

त्यांनी दट्ट्या बाहेर काढून बघायला हवा होता. काढला नाही. आम्हा सगळ्यांना त्यांनी मूर्ख मानलं होतं. मूर्ख माणूस खोटंही बोलू शकतो, हे त्या हुशार माणसाला कधी सुचलंच नाही. साहेबांकडं वळून ते म्हणाले, “मग माझाच हात मंद पडला.”

जूनमध्ये त्यांना ईट गावच्या प्राथमिक शाळेवर धाडलं. त्यांचे विज्ञानाचे तास मला मिळाले आणि निवृत्त होईपर्यंत माझ्याकडंच राहिले.

शोकसभेनंतर त्यांची मुलगी सहज म्हणाली, “काका, अप्पांना एक खोड होती बघा. बसल्या जागी उजवी मूठ डाव्या तळहातावर दाणकन मारायचे. आई चिडायची. शेवटी अंथरुणातसुद्धा चालूच. विचारलं तर म्हणायचे, हात लई मंद आहे गं माझा.”

तिला तिथंच सांगायला हवं होतं. मी चहा घेतला आणि घरी आलो. म्हणून हे इथं लिहितो आहे, बाई, तुमच्यासाठी : तुमच्या अप्पांच्या हातात काहीही कमी नव्हतं.