म्हैस, मी आणि दोन कॅमेरे

आमच्या घरात दोन कॅमेरे होते आणि दोन्ही माझ्या विरोधात होते.

त्यातला मोठा माझा. मिररलेस. फोटो काढून पोट भरणारे लोक वापरतात तसला. मी महाडात औषधाचं दुकान चालवतो. दिवसभर खोकल्याची बाटली आणि गुडघ्याचं मलम विकणाऱ्या माणसाला हा कॅमेरा कशाला लागतो, असं माझ्या बायकोने, वसुधाने, तो घरी आला त्याच दिवशी विचारलं होतं. मी अजून उत्तराची तयारी करतो आहे. बरोबर लेन्स घेतली ती एकच. (दुसरीचा विषय काढला तेव्हा वसुधा नुसती बघत राहिली. पुरे झालं.) ही लेन्स झूम होत नाही. जवळचं हवं असेल तर आपण उठून जवळ जायचं. पण माणसाचा फोटो काय काढते! चेहऱ्यावरचा केस न् केस मोजून घ्यावा, आणि मागचं सगळं लोण्यासारखं वितळलेलं. मागे झाड होतं की एसटी उभी होती, प्रत्यक्ष ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. याच गुणावर भाळून मी ती घेतली.

छोटा कॅमेरा वसुधाचा. आमची मुलगी बालवाडीत होती तेव्हाचा. पर्समध्ये मावतो. चालू केला की घर्रर्र करत त्याची नळी बाहेर येते, आणि येतच राहते. बॅटरीचं झाकण माझ्याच दुकानातल्या चिकटपट्टीने बांधलेलं आहे. उन्हं उतरली की त्याला दिसेनासं होतं आणि फोटोत मुंग्या येतात. पण झूम असा की गच्चीवरून ती चंद्रावरचे खड्डे बघायची, आणि चंद्र नसेल त्या दिवशी समोरच्या इमारतीत कोणाकडे कसली भाजी निवडताहेत ते. मी त्याला 'खेळणं' म्हणायचो. त्याचा सेन्सर नखाएवढा असतो, त्यामुळे चित्राला खोली नसते, असं मी तिला बऱ्याचदा शास्त्रोक्त समजावलं.

"असू दे," ती म्हणायची. "मला दिसतंय ना!"

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी आम्ही आक्काकडे निघालो. आक्का माझी थोरली बहीण. आम्ही मूळचे तुडीलचे, नदीकाठचे. आक्काला दिली ती थेट पोलादपूरच्या वर, डोंगरावरच्या वाडीत. डांबर संपतं तिथे गाडी लावायची आणि पुढे चढायचं. आठवडाभर काउंटरमागे उभं राहून माझ्या पायांत काही उरलेलं नसतं. तरी गळ्यात कॅमेरा, पाठीवर त्याची बॅग, बॅगेत पुसायची तीन प्रकारची फडकी असा मी चढत होतो. वसुधा पर्स हलवत पुढे गेली होती. वर पोचल्यावर ओट्यावर पसरायचं, आक्का पाणी देईल, मग भाकरी, मग झोप आणि उतरत्या उन्हात एखादा फोटो. एवढीच माझी अपेक्षा होती.

आक्का अंगणातच उभी होती.

"नंद्या, वाटंत म्हस दिसली काय रे?"

"अगो, आधी बस तरी म्हण!"

"मोरी गेलेय. काल सांजंला सगळी गुरं आली, ती नाय आली."

मोरी म्हणजे आक्काचा जीव. तिची आई बाळंतपणातच गेली, तेव्हा आक्काने त्या रेडकाला बाटलीने दूध पाजून वाढवलं. आता तिचं पहिलं वेत होतं आणि दिवस भरले होते. अशा वेळी जनावर आडोसा शोधत कुठेतरी जातं. आणि त्या डोंगरात बिबट्या आहे. रानात व्यायली तर रेडकू काही रात्र काढत नाही, हे आक्काला ठाऊक होतं आणि मलाही. तिने कालपासून चूल पेटवली नव्हती. डोळे सुजले होते. तिला तसं बघून मला खरंच वाईट वाटलं. (पाण्याचं विचारावं की नाही हाही प्रश्न होता. नाही विचारलं.)

वाडीने करायचं ते सगळं केलं होतं. रात्री देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं होतं. वाडीतले सगळ्यांत म्हातारे तात्या पुढे उभे राहून म्हणाले होते, "बा म्हाराजा, लेकीची म्हस सुखरूप घरी आण!" आणि मागून सगळे "व्हय म्हाराजा!" देवाने उजवा कौल दिला होता. जनावर जितं हाय आणि हद्दीतच हाय. पण देवाच्या हद्दीत चार डोंगर येतात. भावोजी, म्हणजे आक्काचे यजमान, पहाटेच काठी घेऊन समोरच्या डोंगरावर शोधायला गेले होते.

"तू कॅमेरा आणलास ना मोठा?" आक्का म्हणाली. "मग बग की त्यातून!"

मला एकदम कर्तव्याची जाणीव झाली. सगळी वाडी माझ्यामागून कड्यावर आली. मी पाय रोवले, श्वास रोखला आणि समोरच्या डोंगराचा फोटो काढला. फोटो अप्रतिम आला. धुक्याचे थर, पिवळं गवत, डोंगराची निळसर सोंड! मी अभिमानाने कॅमेरा आक्कासमोर धरला.

"म्हस कुठाय?"

"हा बघ, इथे एक ठिपका आहे."

आक्काने पदराने स्क्रीन पुसला. ठिपका गेला.

"मोठं कर ना रे जरा."

"ही लेन्स मोठं करत नाही, आक्का. आपण जवळ जायचं असतं."

आक्काने आमच्या पायांपुढच्या दरीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "जा मग," ती म्हणाली.

तेवढ्यात मागून घर्रर्र आवाज आला. वसुधाने खेळणं काढलं होतं. नळी बाहेर आली, येत राहिली, आणि त्या लहानशा स्क्रीनवर समोरचा डोंगर असा पुढे आला की दोन पोरं मागे सरकली. गवत दिसलं. दगड दिसले. मग एक काळी पाठ दिसली.

"म्हस!" सगळे एकदम ओरडले.

"शेपटीचा गोंडा बग गो! मोरीचा पांढरा हाय!"

वसुधाने आणखी झूम केला. मागच्या अंगाला पांढरं काहीतरी होतं. आक्काने वसुधाला मिठीच मारली. लगेच तिघे-चौघे गडी दोर घेऊन दरीत उतरले. मी सेन्सरच्या आकाराबद्दल काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण ती वेळ नव्हती.

बायका वसुधाला सोडेनात. "इकडं फिरव गो जरा, माझी शेळी दिसते काय?" "तो कोण लाकडं तोडतोय? आमच्या हिश्श्यात!" अशी पाहणी चालू असताना एकीने किंकाळी फोडली. "अगो, माणूस पडलाय!"

खरंच, एका झाडाखाली एक माणूस आडवा होता. आक्काचा चेहरा पांढरा पडला. धोतर ओळखीचं होतं. वसुधाने झूम केला. भावोजी! टॉवेलची उशी, तोंड उघडं.

"हलत नाय गोऽऽ!"

"हलतंय," वसुधा बारकाईने बघत म्हणाली. "पोट हलतंय. घोरताहेत."

मग आक्का कड्याच्या टोकाला गेली, तोंडापाशी दोन्ही हात धरले आणि तिने अशी हाळी दिली की झाडावरचे पक्षी उडाले. हाळी दरीपार जायला जरा वेळ लागला. मग स्क्रीनवर भावोजी ताडकन उठले, इकडे-तिकडे बघितलं, काठी उचलली आणि समोरच्या बिचाऱ्या झुडपाला झोडपत सुटले. पलीकडून क्षीण आवाज आला, "शोधतोय गोऽऽ! सकाळधरनं टेकलो नायऽऽ!"

सगळ्या वाडीने ते डोळ्यांनी बघितलं. आक्काने नुसता पदर खोचला. भावोजींनी त्या रात्री परत येऊ नये, असं मला मनापासून वाटलं.

या सगळ्यात माझ्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. गळ्यातलं ओझं घेऊन मी एका बाजूला उभा होतो. तेव्हा तात्यांनी माझी बाही ओढली.

"नंदू, माजा एक फोटो काड. भितीवर लावायचा."

"कुठल्या भिंतीवर?"

"मी गेल्यावर लावतात ती. माज्याकडं धड फोटो नाय. आधारवरचा हाय, त्यात मी चोर दिसतो. पोरं त्योच मोठा करून हार घालतील."

सकाळपासून पहिल्यांदाच मला कोणीतरी विचारलं होतं! मी तात्यांना त्यांच्या घरामागे नेलं. तिथे कारवीचं दाट रान होतं, ऊन तिरपं येत होतं. मी गुडघ्यावर बसलो. (उठताना काय होईल याचा विचार नंतर करायचा ठरवला.)

"तात्या, जरा हसा."

"मेलेला माणूस हसतो काय रे?"

"बरं, हसू नका. मान वर."

फोटो असा आला की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. प्रत्येक सुरकुती, डोळ्यांतली चमक, आणि मागे नुसती वितळलेली हिरवळ. आयुष्यातला सर्वोत्तम फोटो! मी कॅमेरा छातीशी धरून कड्यावर परत आलो तेव्हा पलीकडून गड्यांची हाळी येत होती.

"आपली नायऽऽ!"

पलीकडच्या वाडीतल्या कोणाची तरी म्हैस होती. आमच्या गड्यांना दोर घेऊन येताना बघून मालक कोयता घेऊन धावून आला होता. आणि गोंडा?

"बगळा व्हताऽऽ! उडालाऽऽ!"

वसुधाने कॅमेरा बंद केला. नळी घर्रर्र करत आत गेली. आक्का तिथेच दगडावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडू लागली. "उजेड जाईल आता. आजची रात माजं पाडस नाय राहायचं," एवढंच म्हणत होती. मला काय करावं कळेना. अशा वेळी बहिणीच्या पाठीवरून हात फिरवावा, तिला घरात न्यावं, चहा करावा. मी काय केलं? मी तिला फोटो दाखवला.

"आक्का, हा बघ, तात्यांचा काढलाय. बघ किती छान..."

वसुधाने कपाळावर हात मारून घेतला. आक्काने रडता रडता स्क्रीनकडे बघितलं. बघत राहिली.

"ह्ये मागं काळं काय?"

"ते ना, त्याला पार्श्वभूमी म्हणतात. मुद्दाम धूसर करायची असते. ही लेन्स त्यासाठीच..."

"नंद्या."

"...जगभर नावाजलेली आहे."

"नंद्या, ही म्हस हाय!"

मी कॅमेरा ओढून घेतला. तात्यांच्या उजव्या खांद्यामागे, हिरवळीत, एक मोठा काळा डाग होता. मघाशी मला ती सावली वाटली होती. फार कलात्मक वाटली होती. डागाच्या टोकाला एक पांढरा ठिपका होता.

"बगळा असेल," वसुधा म्हणाली.

पण आक्का केव्हाच धावत सुटली होती. तात्यांच्या घरामागे, मी जिथे गुडघ्यावर बसलो होतो तिथून हाकेच्याही नाही, कुजबुजीच्या अंतरावर, कारवीत मोरी उभी होती. तिच्या पायांत नुकतंच झालेलं, ओलं, लटपटतं रेडकू होतं आणि ती त्याला चाटत होती. सगळी वाडी डोंगर शोधत होती आणि ही घरामागे बाळंत झाली होती. तिच्या समोर बसून एक इसम म्हाताऱ्याला मान वर करायला सांगत होता, ते तिने शांतपणे बघितलं असणार. आक्काने मोरीच्या गळ्याला मिठी मारली आणि आता मोठ्याने रडली. मीही रडलो. कोणी विचारलं असतं तर धूळ गेली म्हणणार होतो, पण कोणी विचारलं नाही.

रात्री चूल पेटली, कोंबडा देवाला गेला, आम्हालाही मिळाला. भावोजींना रस्सा वाढला गेला, फोडी नाही. कॅमेऱ्यांचा निकाल तात्यांनी दिला. "एकाला परक्याची म्हस दिसली आणि दुसऱ्याला घरची नाय दिसली. त्यापरास आमचा देव बरा. हद्दीत बोलला, हद्दीत निघाली."

निघताना आक्काने वसुधाचा हात धरला. "ह्यो लहान ठेव गो माज्याकडं. गुरं समोर चरतात. माजा जीव थाऱ्यावर राहील." वसुधाने लगेच दिला, चार्जर आणि चिकटपट्टीसकट. माझ्या कॅमेऱ्याचं नाव कोणी काढलं नाही. मला राग आला नाही. उलट बरं वाटलं. घरातला एक विरोधक कमी झाला, असा माझा हिशेब.

पुढल्या महिन्यात मी एकटाच मोरीसाठी दुकानातून कॅल्शियमची बाटली घेऊन निघालो. चढ अर्ध्यावर आला आणि पायांनी नकार दिला. एका झाडाखाली दगड बघून बसलो. सदऱ्याची वरची बटणं सोडली. वारा छान होता. तेवढ्यात फोन वाजला. आक्का.

"नंद्या, त्या झाडाखाली तू हायस काय रे?"

मी दचकून वर बघितलं. वाडी डोंगराच्या माथ्यावर, ठिपक्याएवढी. "हो! पण तुला कसं कळलं?"

"कॅमेऱ्यातनं बगतेय. मघाधरनं काळं कायतरी फतकल मारून बसलंय. मला वाटलं, मोरीच बसलेय."

"मग? मी आहे हे कशावरून ओळखलंस?"

"मोरी असती तर एवढ्यात वर आली असती."