टॅबची घाई

जळगावच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या गृहस्थाला थांबणं सोसत नाही. आम्ही संगणकाला आज्ञा टाइप करतो त्या टर्मिनलवर सर्व्हरच्या नावाची दोन अक्षरं टाइप करून टॅब दाबलं की उरलेलं नाव येतं. पण त्यासाठी संगणक दरवेळी दूरवरून सगळ्या सर्व्हरची यादी मागवायचा. तेवढ्यात हा उसासे टाकायचा. शेवटी त्यानं एकदा आलेली यादी दिवसभर जवळच साठवायची सोय केली, माझ्याही संगणकावर. नावं झटक्यात येऊ लागली.

परवा धुळ्याच्या एका दुकानदारासाठी दुपारीच तयार केलेला नवा सर्व्हर सुरू करायचा होता. तो फोनवर ताटकळलेला. मी टॅब दाबतो, तर नावच नाही!

"गेला! माझ्या हातून पुसला गेला!" मी सगळ्या ऑफिसाला ऐकू जाईल असा ओरडलो.

शेजारी उठून आला आणि त्याच्या अहिराणीत म्हणाला, "भाऊ, सर्व्हर जागेवरच शे. यादी सकाळनी शे." त्यानं सकाळी साठवलेली यादी पुसली, मी पुन्हा टॅब दाबलं आणि नाव आलं. धुळ्याचं काम मार्गी लागलं.

मग त्यानं माझ्या संगणकावरची ती सोयच काढून टाकली. "मी घाईवाला शे, तुम्ही घाबरट शेतस. तुमले ताजी यादीच बरी."

घरी हे कौतुकानं सांगितलं, तर बायको म्हणाली, "तुमचा स्वभाव त्यांना एका दिवसात कळला? मला लग्नानंतर वर्षं लागली."