साहेबांची गुलबकावली

गुलबकावलीचे कंद समजून मी अंगणातल्या वाटेच्या कडेनं बायकोची बेण्याची हळद लावली आणि तीन महिने त्या रोपांकडे कौतुकानं पाहत राहिलो.

झालं असं की, राज्यांची फेरवाटणी झाली, नागपूर तिकडच्या राज्यात गेलं, आम्ही या हिंदी राज्यात राहिलो, आणि बालाघाटच्या आमच्या कचेरीत भोपाळकडचे साहेब आले. त्यांनी बंगल्यातले कंद फडक्यात बांधून दिले. "बड़े बाबू, गुलबकावली है. सफ़ेद फूल, और ख़ुशबू ऐसी कि पूछो मत!" आपण ज्याला सोनटक्का म्हणतो तेच हे, हे मला कुठं ठाऊक? पण साहेब बोलले की मान हलवायची, एवढं नोकरीत शिकलो होतो.

घरात लांजीहून, बायकोच्या माहेराहून आलेलं एक फडकं होतंच. दोन्ही शेजारी ठेवली आणि कुठलं कुणाचं ते विसरलो. उघडून पाहिलं तर एकात मातीनं माखलेले वाकडे तुकडे, दुसऱ्यात गुबगुबीत गड्डे. साहेबांच्या बंगल्यातलं ते गुबगुबीतच असणार! वाकडे तुकडे मी सडकं आलं समजून न्हाणीमागं फेकले.

"माह्या फडक्यातलं कुठी गेलं हो?" बायकोनं विचारलं. मी घुशीवर ढकलून मोकळा झालो.

त्या दिवसांत माझी बिरसाला बदली निघत होती. जंगलातल्या त्या कचेरीच्या नुसत्या नावानं मला हिवताप चढे. बदली साहेबांच्या हातात, आणि साहेबांचं झाड माझ्या वाफ्यात! रोज सकाळी उठून पाणी घाली, शेणखत घाली. शेवटी फुलं आता येतीलच, या भरवशावर साहेबांना मेमसाबसह झाडं पाहायला बोलावलं.

साहेब वाकले, पान चुरगाळून नाकाला लावलं. "बड़े बाबू, ये तो हल्दी है."

"जी साहेब," मी म्हणालो. सवय!

मेमसाब मात्र हवेत वास घेत होत्या. बायको त्यांना न्हाणीमागं घेऊन गेली, मागोमाग आम्ही. सांडपाण्यावर कमरेएवढा सोनटक्का पांढराशुभ्र फुलला होता.

"लो बाईसाब, आपकेच फूल हैं," बायको ओंजळ भरत म्हणाली. "इनने फेके, हमने जगाए."

साहेब पोट धरून हसले. मेमसाब म्हणाल्या, "इन्हें बिरसा भेजोगे, तो मुझे फूल कौन देगा?"

बदलीचा कागद मागं पडला तो पडलाच. कचेरीत मी ते माझ्या कामाचं फळ म्हणून सांगितलं.

पाहुणे गेल्यावर बायकोवर जरा आवाज चढवला. "तुला माहीत होतं तर सांगितलं काहून नाही?"

"पानं आली तवाच समजलं मले," ती फुलं केसांत खोचत म्हणाली. "पण सांगितलं असतं, तर माह्या हळदीले रोज सकाळी उठून पाणी कोणं घातलं असतं?"