लांबचे आधी निघतात

सोमवारी सकाळी रशीदने टायपिंग इन्स्टिट्यूटचं शटर अर्धं उचललं आणि त्याचा उजवा हात लुळा पडून खाली आला. समोरच्या चहावाल्याने त्याला धरलं. त्याला पुण्याला नेलं. तो परत आला तेव्हा त्याला चालता येत होतं, पण उजवा हात आणि बोलणं गेलं होतं. रशीद वारला तो गेल्या महिन्यात. माझ्या लेखी मात्र सगळं बदललं ते त्या सोमवारी…

बोलण्यातला एक शब्द तेवढा राहिला होता : व्हय. चहा घेणार का? व्हय. चहा नको का? व्हय. डोक्यात किती शाबूत आहे ते सांगता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. भेटायला येणारे आधी मोठ्या आवाजात बोलायचे, जणू तो बहिरा झाला होता. मग हळूहळू त्याच्यासमोरच त्याच्याविषयी बोलू लागले.

आम्ही दोघं भोरच्या शाळेत एका बाकावरचे. मी पुढे वेल्ह्याला शिक्षक झालो. सुट्टीला उत्रोलीच्या घरी आलो की पाय आपोआप रशीदच्या इन्स्टिट्यूटकडे वळत. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्याने टाइपरायटरांच्या रांगेशेजारी पुण्याहून आणलेला एक जुना कॉम्प्युटर मांडला. त्यात आधीच्या मालकाचा एक खेळ राहून गेला होता. काळ्या पडद्यावर पसरलेले तारे, आणि प्रत्येक ताऱ्यापाशी एक जग. तिथे वस्ती करायची, अवकाशयानं बांधायची, ती दुसऱ्या ताऱ्याकडे सोडायची. एका माणसाचं सगळं करून झालं की दुसऱ्याची पाळी. दोघांचं झालं की एक बटण दाबायचं, आणि वर्ष पुढे सरकायचं. ते दाबेपर्यंत विश्वात काही म्हणजे काही हलायचं नाही. रशीदला याचंच फार नवल वाटे. "सगळं आभाळ आपल्यासाठी थांबलंय, मास्तर," तो म्हणायचा, "आपली एसटी तरी थांबती का?"

एकाची पाळी असताना दुसऱ्याने गॅलरीत जाऊन उभं राहायचं, हा नियम. ताऱ्यांना आम्ही आमच्या ओळखीची नावं दिली होती. माझी राजधानी उत्रोली, त्याची भोर. किकवी कायम भांडणात. मी गॅलरीतून आत आलो की तो खुर्ची सोडत म्हणायचा, "बस. तुझं भोंगवली खाल्लं. रडू नको." असे आमचे डाव महिनोन्महिने चालत. मग तो कॉम्प्युटर बंद पडला, आणि एक अर्धा डाव फ्लॉपीवर तसाच राहिला.

आजारपणानंतर मी त्याच्यापाशी नुसता बसून राहायचो. त्याच्या मुलाने, इम्तियाजने, घरात नवा कॉम्प्युटर घेऊन ठेवला होता. एके दिवशी रशीदने डाव्या हाताने टेबलाचा खण ओढला आणि ती फ्लॉपी माझ्यापुढे सरकवली. मी ती घातली. पडदा काळा झाला, आणि तसाच राहिला. दुसऱ्या खेपेला खेळ सुरू झाला, पण नवं यंत्र इतकं वेगवान की माउसचा बाण हात लावताच पडद्याबाहेर पळे आणि संगीत डासासारखं गुणगुणे. कॉम्प्युटरच्या एका मासिकात मी वाचलं, की नव्या यंत्राच्या पोटात जुनं यंत्र उभं करणारा एक प्रोग्राम असतो. मासिकाबरोबरच्या सीडीवर तो मिळाला. त्यात एक आकडा असतो, तो कमी केला की नवं यंत्र आपला वेग आवरून जुन्याच्या चालीने चालायला लागतं. मी आकडा कमी करत गेलो. बाण रशीदच्या डाव्या हाताला झेपेल इतका संथ झाला, तेव्हा थांबलो. आमचा जुना डाव उघडला. उत्रोली, किकवी, भोर, सगळे तारे जिथल्या तिथे. इतकी वर्षं गेली होती आणि तिथलं वर्ष तेच होतं.

आम्ही परत खेळू लागलो. तो खेळताना मी जुन्या नियमाप्रमाणे बाहेर जाऊन उभा राहत असे. माझ्या पाळीला त्याची यानं माझ्या दुर्बिणीच्या टप्प्यात आली, तर लाल ठिपके होऊन दिसत. ती कुठे निघालीत ते मात्र कळत नसे. एक ठिपका पार वरच्या कोपऱ्यात. काही वर्षांनी दुसरा, भलत्याच बाजूला. वाटेत माझी उघडी जगं होती, त्यांना हातही न लावता ते पुढे जात, दावं तुटलेल्या वासरांसारखे. हा पूर्वीचा रशीद नव्हे, हे मला कळून चुकलं. मी त्या ठिपक्यांना अडवलं नाही. फिरू दे बिचारे, म्हटलं.

त्याच सुमारास इम्तियाजने त्याला पिंपरीला न्यायचं ठरवलं. मुलगा चांगला होता, काळजीपोटीच म्हणत होता. "अब्बांना विचारलं काका, व्हय म्हणाले," त्याने मला सांगितलं. रशीदच्या बायकोने, भाभींनी, कपडे बांधायला घेतले होते. इन्स्टिट्यूटला कुलूप लागलंच होतं, आता घरालाही लागणार होतं.

निघायच्या आदल्या दुपारी आम्ही शेवटचे म्हणून खेळायला बसलो. मी माझी पाळी उरकली, बटण दाबलं, वर्ष सरकलं… आणि उत्रोलीभोवती लाल ठिपकेच ठिपके. वरच्या कोपऱ्यातला, भलत्या बाजूचा, मी विसरलेला, मी सोडून दिलेला, सगळे एकाच वर्षी, एकाच ताऱ्यावर. माझी राजधानी गेली. मी वळून पाहिलं. रशीदचा अर्धा चेहरा हसत होता. दुसऱ्या अर्ध्याला ते जमत नव्हतं, एवढंच.

मी भाभींना हाक मारली. त्या हात पुसत आल्या. "ह्यात काय बघू, मास्तर? ठिपके हायेत."

"हे सगळे वेगवेगळ्या जागेहून निघाले, भाभी. वेगवेगळ्या वर्षी. आणि पोचले एकदम."

त्या पडद्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "लग्नाच्या पावण्यांवानी. कोकणातले आधी निघत्यात, गल्लीतले शेवटी."

"तसंच. पण प्रत्येकाला कधी काढायचं, हे ह्याने मनात धरून ठेवलं. इतके महिने."

भाभी खाली त्याच्या खुर्चीपाशीच बसल्या. "म्हंजी तुमाला समदं कळतंय?"

"व्हय."

"पिंपरीचं बोलनं चाललंय, त्ये बी?"

"व्हय."

"मग जायाचंय तुमाला?"

"व्हय," रशीद म्हणाला. पण या वेळी भाभी उठल्या नाहीत. त्या त्याच्याकडे बघत बसून राहिल्या. खूप वेळ गेला. रशीदच्या कपाळावरची शीर फुगली, ओठ हलले, आणि परत तोच शब्द आला, "व्हय", तसा त्याने तो रागाने झटकून टाकला, मान जोरात हलवली आणि डावा तळवा टेबलावर आपटला. एकदा. परत एकदा. मग तळवा तिथेच दाबून धरला.

"हितं?" भाभी म्हणाल्या. "हितंच ऱ्हायाचंय?"

त्याने तळवा उचलला नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. भाभी उठल्या आणि बांधलेलं गाठोडं सोडू लागल्या. संध्याकाळी इम्तियाज आला, तेव्हा त्यांनीच त्याला सांगितलं, "तुजे अब्बा न्हाई म्हनलेत."

मी आयुष्यभर पुस्तकं वाचली. माणसाच्या मनाविषयी थोर माणसांनी लिहिलेलं बरंच वाचलं. त्या दुपारी जे पाहिलं त्याच्यापुढे मी अजून मान खाली घालून उभा आहे. शब्दाचा एकच धागा हाती उरलेला माणूस एवढ्या काळोखातून इतकी यानं एकट्याने आणत होता, आणि मी त्याच्या शेजारी बसून त्याची कीव करत होतो.

पुढे रशीद भोरमध्येच राहिला, आपल्या घरात. गेला तोही तिथेच, झोपेत. दफनानंतर काही दिवसांनी मी भाभींना भेटायला गेलो. "मास्तर, चा घेनार?" त्यांनी विचारलं. मी सवयीने "हो" म्हणालो. त्या लगेच उठल्या नाहीत. माझ्या चेहऱ्याकडे बघत, मला अजून काही म्हणायचं आहे का, याची वाट पाहत बसल्या. मी पाहिलंय, आता त्या सगळ्यांशीच अशा वागतात, दूधवाल्याशी, नातवाशी. विचारतात, आणि थांबतात.