शिळ्या पिझ्झाचा वाटा

लग्नानंतर गावाहून निघाले, त्या सकाळी आईने माझ्या तळहातावर दही ठेवले. "जाते म्हणू नको, येते म्हण," एवढेच बोलली. औशाजवळच्या आमच्या फाट्यावरून एसटी सुटली, तरी दह्याचा आंबट ओलावा बोटांवर वाळत होता.

शहरात येऊन काळेवाडीत संसार थाटला, निघोज्याजवळच्या कंपनीत नोकरी लागली. शिफ्ट, लाइन, ओव्हरटाइम हे शब्द कडबा आणि दुरडीच्या शेजारी येऊन बसले. गाव सोडून आलेल्या तुमच्याही जिभेवर अशीच शेजारघरे असतील.

गावी रात्रीची भाकरी उरे, ती सकाळी आई खाई, आम्हाला ताजी. इथे उरतो तो पिझ्झा. लाइनवर नवा पार्ट पास झाला की कंपनी पिझ्झा मागवते आणि उरलेला डबा माझ्या पिशवीतून घरी येतो. हा पिझ्झा मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये; कडा आधी रबरासारख्या लोंबतात, मग लाकडासारख्या कडक होतात. बिडाचा जाड तवा घ्यावा, आच मंद ठेवावी, तेल न घालता त्यावर तुकडा ठेवावा. तळ कोरडा होऊन गव्हाचा खरपूस वास सुटला, की तव्याच्या कडेला, तुकड्यापासून दूर, पाण्याचे चार थेंब सोडावेत आणि लगेच झाकण ठेवावे. चर्रर आवाज विरेपर्यंत वाफेने चीज मऊ होते. मग झाकण काढून तळ पुन्हा कुरकुरीत होऊ द्यावा. घाई केली तर खालून करपतो, वरून गारच राहतो.

वडील गेल्यावर आई गावी एकटी पडली. कायमची ये म्हटले, की तिचे उत्तर ठरलेले असे : "लेकीच्या घरी आठ दिस बरं. जलमभर ऱ्हायलं तर लोक काय म्हनतील?" आली तरी ती जावयाच्या घरातली पाहुणी असे. माठातले पाणीसुद्धा विचारून घेई. तिला परके वाटू नये म्हणून मी दोन्ही वेळा ताजी भाकरी थापत असे.

मागच्या हिवाळ्यातही ती आठ दिवसांसाठीच आली. रविवारच्या गाडीचे तिकीट संदीपने, माझ्या नवऱ्याने, काढून ठेवले होते. शनिवारी संध्याकाळी आईला गरम पिठले-भाकरी वाढून मी आणि संदीप ओट्यापाशी उभ्यानेच आदल्या दिवशीचा पिझ्झा खात होतो. आई ताट घेऊन आत आली.

"चोरून काय खायलालाव गं दोघं?"

"काही नाही आई, कालचं उरलेलं," संदीप ओशाळून म्हणाला. "पाहुण्यांना शिळं कसं वाढायचं?"

"म्हंजे मी पाव्हणी हाय व्हय?" तिने ताट ओट्यावर ठेवले. "जलमभर घरातलं शिळं मीच खाल्लं. घरच्या मानसानं खायचं आसतंय ते. आन् लेक मला रोज ताजं वाढलालीय, सोयऱ्यावानी!"

मी तव्यावर एक तुकडा ठेवला, थेंब सोडले, झाकण घातले. ती शेजारी उभी राहून त्या आवाजाकडे कान देत होती. पहिला घास तिने बराच वेळ चावला.

"वरून चिवट हाय बाई. खालून मातर भाकरीच्या पापुद्र्यावानी झालाय." मग डब्यात डोकावून म्हणाली, "ऱ्हायलेला झाकून ठिव. उद्या सकाळी मी खाईन."

उद्या सकाळी तिची गाडी होती. संदीपने माझ्याकडे पाहिले आणि फोनवर ते तिकीट रद्द करून टाकले.

आई आता काळेवाडीतच राहते. पाणी विचारून घेत नाही. घर म्हणजे काय, असे कोणी विचारले तर मला दह्याचा तळहात आठवतो खरा. पण राहते घर म्हणाल, तर ते हे. इथे शिळ्याचा वाटा कुणाचा यावरून आम्ही मायलेकी भांडतो, आणि मी शिफ्टवरून येईपर्यंत बहुधा आईने तो खाऊन टाकलेला असतो.