मोरीचं तेल

माझी मुलगी दीड वर्षाची झाली तरी बाळसं धरेना. पोट फुगलेलं, हातपाय काड्यांसारखे, शौच पांढरट आणि तेलकट. मी तारकर्लीच्या शाळेत मास्तरीण. आहाराचा धडा वर्गात मीच शिकवायची, तेव्हा मला कोण शिकवणार? अशक्त पोराला स्निग्ध द्यावं, एवढं मला ठाऊक होतं. म्हणून पेजेत तूप, भातावर नारळाचा घट्ट रस आणि सकाळी उपाशीपोटी मोरीचं तेल, म्हणजे लहान शार्कच्या यकृताचं.

चमचा दिसला की ती ओठ घट्ट मिटायची. बोलायला लागल्यावर म्हणायची, "आये, माका नको. पोटात दुखता."

मी तिचं नाक दाबायची. तोंड उघडलं की तेल आत.

"चेडवाक नको तर नको घालू गो," सासूबाई नातीकडे बघत म्हणाल्या. "तेचां तेका कळता."

अंगठा लावणाऱ्या बाईने मला आहार शिकवावा! तोंडावर काही बोलले नाही, पण दुसऱ्या दिवशी मोठा चमचा काढला.

सहाव्या वर्षी तिचा तोल जायला लागला. भिंत धरून चालायची. मी तूप वाढवलं. शेवटी नवऱ्याने आम्हाला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं, तेव्हा ती आठ वर्षांची होती.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, आतड्याचा कणभर तुकडा काढून पाहिला. मग मला समोर बसवून सांगितलं, "खाल्लेली चरबी आतड्याच्या पेशीत शिरते. तिथून ती बाहेर काढून रक्तात न्यायला एक प्रथिन लागतं. हिच्या रक्तात ते जन्मापासूनच नाही. चरबी पेशीतच साचून राहते."

बंदरावर माल पडून आहे आणि एकही होडी नाही, असं मला दिसलं. मी विचारलं, काय खायला घालू?

"तूप, नारळ, तेल सगळं बंद. नसांना लागणारं ई जीवनसत्त्व चरबीबरोबरच रक्तात जातं, तेही हिला मिळालं नाही; त्याने नसांचं झालेलं नुकसान मात्र भरून येणार नाही."

घरी आल्यावर सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

त्या दुपारी मी कोरडा भात आणि बिनफोडणीची कुळथाची पिठी केली. मुलगी भिंतीला टेकून बसली. तिने ताट पुसून खाल्लं आणि माझ्याकडे पुढे सरकवलं.

"आये, आजून वाढ."

आठ वर्षांत तिने पहिल्यांदा मागून खाल्लं. मी वाढलं, आणि परसात जाऊन ढसाढसा रडले. इतकी वर्षं मी तिला भरवून भरवून उपाशी ठेवलं होतं.